करंगळीएवढी जागा

श्रावणातल्या एका सकाळी मावशीचा फोन आला. "अरे, खालच्या खोलीतली जमीन उठून बसलीय. गणपतीला येशील तेव्हा बघ बाबा एकदा."

काशीच्या मराठीत बरंच काही उठून बसतं, पण जमीन उठून बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ब्रह्मा घाटावर पोचलो, पिशवी ओसरीवर टाकली आणि आधी ती खोली पाहिली. मावशीने जराही वाढवून सांगितलं नव्हतं. बारा बाय दहाची खोली, गुळगुळीत ओकच्या फळ्या, आणि बरोबर मध्यावर फळ्यांच्या दोन रांगा एकमेकींना कपाळ टेकून उभ्या. कौलारू घराचं आढंच जणू. पट्टी लावून मोजलं तर उंची पावणेचार इंच भरली. मावशीचा नातू त्या आढ्याखालून खेळण्यातली मोटार पलीकडे सोडत होता. घरात आनंद झालेला तो एकटाच.

मावसभाऊ बारा वर्षं पुण्यात नोकरी करून काशीला परतला होता. 13 डिसेंबर 2021 ला विश्वनाथ धामाचं उद्घाटन झाल्यापासून गल्ल्यांतून प्रवाशांची रीघ लागलेली. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार कराव्यात, असं त्याच्या मनाने घेतलं. एक खोली गल्लीच्या पातळीवरची, दुसरी वरच्या मजल्यावर गंगेकडे सज्जा असलेली. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याने लाकडी जमीन पाहिली होती, वापरली होती. तशीच इथे घातली. काम मे महिन्यात, ऐन लूच्या, उन्हाळी गरम वाऱ्याच्या दिवसांत झालं. सप्टेंबर उजाडेपर्यंत खालची खोली तंबू झाली, वरची चालताना कुरकुरू लागली, आणि वरच्याच खोलीत कपाटाजवळ एक फट दिसू लागली. तिच्यात मावशीचा पाच रुपयांचा ठोकळा जाऊन बसला होता.

आरोपी तीन ठरले होते. मावशी म्हणायची, गंगेचा ओलावा. फळ्या विकणारा फोनवर म्हणाला, तुमच्याकडची हवा. फळ्या बसवणारा म्हणाला, माल. मी काही वर्षं पुण्यात घरांच्या आतल्या कामांवर देखरेख केलेली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या पाच दिवसांत जे दिसलं, ते इथे मांडतो आहे. हल्ली पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत, कोकणातल्या सेकंड होममध्ये, नागपूरच्या बंगल्यांत हीच फळी जाऊन बसते आहे, आणि तिची दुखणीही हीच आहेत.

पायऱ्या आणि पाणी

पंचगंगा घाटावरून प्रवाहाबरोबर खाली निघालं की आधी दुर्गा घाट लागतो आणि मग ब्रह्मा घाट. पेशव्यांनी ज्यांना गुरुस्थानी मानलं ते नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात गोदाकाठच्या कायगावाहून काशीला आले. या दोन्ही घाटांच्या पक्क्या बांधणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्यामागून भिक्षुक आले, वैदिक आले, सावकार आले, उतारवयात काशीवासाला आलेली माणसं आली, आणि वरच्या गल्ल्यांत मराठी वस्ती रुजली. आंग्रे वाड्यातला सार्वजनिक गणेशोत्सव 1898 पासूनचा. आजही त्या दिवसांत गल्लीत मराठी आरती ऐकू येते आणि पुढच्याच वळणावर कचोरीवाल्याशी बनारसी बोलीत हुज्जत चालते.

इथली घरं गल्लीला चिकटून उभी राहतात. मधे छोटा चौक, भिंती हात-दीड हात जाड, विटा आणि चुना. तळमजल्यावर चुनारच्या दगडाच्या फरश्या. वरच्या मजल्यांना कुठे दगडी पटिया, कुठे आपल्याकडच्या वाड्यांसारखा कडीपाट: भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी कड्या, त्यांवर पाट, त्यांवर चुन्याचा कोबा. मावशीच्या घराचा वरचा मजला असाच.

आणि नदी. राजघाटजवळ केंद्रीय जल आयोगाची पाणीपातळीची मोजपट्टी आहे. तिच्यावर इशाऱ्याची पातळी 70.262 मीटर आणि धोक्याची 71.262. आजवरचं सर्वांत उंच पाणी 9 सप्टेंबर 1978 चं, 73.901 मीटर. भाद्रपदात काशीतली माणसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी ही पातळी विचारतात. मी गेलो तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि छत्र्यांखालचे घाटिये पुरोहित वरच्या टप्प्यावर सरकले होते. मावशीने गंगेवर संशय घ्यावा, यात नवल नव्हतं. पण घर पायऱ्यांच्या बरंच वर आहे. जमिनीतला ओलावा भिंतीतून केशिकांच्या वाटेने चढतो हे खरं, तरी त्याची झेप साधारण मीटर-दीड मीटरची. पायऱ्यांच्या तळाशी असलेल्या नदीला एवढा पल्ला गाठून खालच्या खोलीतली फळी उचलायची म्हणजे चमत्कारच करावा लागला असता.

पोळपाटाची गोष्ट

लाकूड हलतं म्हणजे नेमकं काय होतं? पावसाळ्यात फुगून बसणारं दार सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हवेत दमटपणा वाढला की लाकूड पाणी घेतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की पाणी सोडतं आणि आक्रसतं. पण हे फुगणं सर्व दिशांना सारखं नसतं. लाकडाच्या रेषांच्या लांबीत ते जवळजवळ शून्य. सगळी हालचाल आडवी, फळीच्या रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात शहाणं. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेत साधारण पावणेसहा टक्के आक्रसतं, तर पांढरा ओक साडेदहा टक्के.

आता काशीची हवा घ्या. चाळीस अंशांत लू वाहते आणि सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांवर येते, तेव्हा लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबू पाहतं. श्रावणात आर्द्रता ऐंशीच्या पुढे, तेव्हा ते सोळाकडे चढतं. घराच्या आत एवढी टोकं गाठली जात नाहीत, म्हणून आठ टक्क्यांचाच फरक धरू. पाच इंच रुंद भरीव ओकची एक फळी तेवढ्याने साडेतीन मिलिमीटर हलते. दहा फुटांच्या खोलीत अशा चोवीस फळ्या, म्हणजे एकूण तीन इंचांहून जास्त. हिशोब कागदावरचा आहे, पण भरीव ओकची जमीन काशीत का घालू नये, हे त्यातून समजतं.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोळपाट किंवा जेवायचा पाट उलटा करून बघा. खाली दोन पट्ट्या, वरच्या फळीच्या रेषांना काटकोनात ठोकलेल्या. त्यांच्यामुळे पाट जमिनीपासून उचलला जातो हे दिसतं. न दिसणारं काम म्हणजे वरच्या फळीला त्या वाकू देत नाहीत. मावसभावाने घातलेली इंजिनिअर्ड फळी ही याच पाटाची कारखान्यातली आवृत्ती. वर खऱ्या ओकचा किंवा सागाचा दोन ते सहा मिलिमीटरांचा थर, त्याखाली हलक्या लाकडाचे पातळ थर, प्रत्येकाच्या रेषा वरच्याला आडव्या, सगळे दाबून डिंकाने जोडलेले. एक थर फुगू पाहतो, त्याच्या खालचा त्याला धरून ठेवतो. भरीव फळ्यांची जमीन तीन इंच हलेल तिथे ही काही मिलिमीटरांवर थांबते. थांबते म्हणजे मात्र हलतच नाही असं नाही, आणि दुकानात नेमकं हेच कुणी सांगत नाही.

जमिनीवरच्या पाण्याने थेट राजवाड्यालाही छळलं आहे. व्हर्सायमध्ये संगमरवरी फरश्या धुण्याचं पाणी सांध्यांतून झिरपून खालच्या तुळया कुजवू लागलं, म्हणून 1684 मध्ये तिथे संगमरवर काढून लाकडी पार्केट बसवलं गेलं. तिथलं आजचं देखणं पार्केट हे मुळात गळतीवरचं उत्तर होतं.

खालची खोली

मावसभावाने शेजारच्या मोहल्ल्यातून एका वयस्क मिस्त्रींना बोलावलं. फळ्या बसवणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी जन्मभर चुना, दगड आणि पन्हाळी दुरुस्त केलेल्या. त्यांनी तंबूकडे एकदा पाहिलं, फळीला हात लावला नाही, आणि म्हणाले, "पहले पानी का रास्ता देखिए।"

पाण्याची वाट शोधण्याआधी आम्ही फळीचा आकार वाचला. लाकडी जमिनीचं दुखणं तिच्या आकारात लिहिलेलं असतं. फळीच्या कडा वर आणि पोट खाली, म्हणजे आडवा हात फिरवला की पन्हळी पत्र्यासारखं लागतं, तेव्हा खालून ओल आलेली असते. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त फुगली की ती अशी वाटीसारखी होते. उलट पोट वर आणि कडा खाली असतील, तर एक तर वरून पाणी पडलं आहे, किंवा आधीची वाटी कुणीतरी घाईने घासून सपाट केली आहे. ही दुसरी चूक फार महागात पडते. पावसाळ्यात वर आलेल्या कडा मशिनने घासून टाकल्या, की हिवाळ्यात फळी मूळ आकारात येते आणि घासलेल्या कडा कायमच्या खोल राहतात. खालची ओल काढून एक पूर्ण ऋतू वाट पाहायची आणि मगच घासायचं, तेही वरचा थर जाड असेल तर. स्वस्त फळ्यांवर तो एका मिलिमीटरचाही नसतो. तिथे घासणं म्हणजे सालच सोलणं.

आमच्या खोलीत दोन गोष्टी एकत्र होत्या. आतल्या भिंतीजवळच्या पाच-सहा रांगा वाटीसारख्या झाल्या होत्या आणि मधे तंबू. खिडकीकडच्या रांगा ठीक. नदी खिडकीच्या बाजूला. गंगा दोषी असती तर ओल तिकडून आली असती.

पिनवाला ओलावामापक मी बरोबर नेला होता. खिडकीजवळच्या फळीत त्याने अकरा टक्के दाखवले, आतल्या भिंतीजवळ सतरा. फळ्या उचलल्यावर दगडी फरशीवर एक अर्धवर्तुळ दिसलं. रंग गडद, कडेला पांढऱ्या क्षाराची झालर. भिंतीच्या पायथ्याशी चुन्याला लोणा लागलेला, बोट लावलं की भुगा. ओलीचं अर्धवर्तुळ दिसलं की त्याचा मध्य शोधावा. हा मध्य भिंतीत होता. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर, आणि त्याच रेषेत मोरी.

खात्रीसाठी सर्वांत स्वस्त चाचणी केली. दोन-दोन फुटांचे प्लास्टिकचे चौकोन फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या, एक भिंतीजवळ, एक मधे, एक खिडकीपाशी. चोवीस तासांनी भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या आत थेंब धरले होते, मधल्याखाली दगड किंचित काळवंडला होता, खिडकीजवळचा चौकोन कोरडा ठणठणीत. ही चाचणी मे महिन्यात काम सुरू करण्याआधी झाली असती, तर पन्नासेक रुपयांत सगळं कळलं असतं. नव्या इमारतीत तर ती हवीच. काँक्रीट वरून पांढरं दिसलं तरी आत ओलं असतं. जाडीच्या दर इंचाला साधारण महिनाभर, असा सुकण्याचा जुना ठोकताळा आहे, आणि ताबा मिळाल्या मिळाल्या फळ्या टाकणाऱ्यांची घाई त्यात बसत नाही.

मिस्त्रींनी मोरीत रंगीत पाणी ओतलं. सायंकाळपर्यंत लोण्याच्या कडेला गुलाबी छटा उतरली. जुन्या खापरी नळाचा सांधा तुटला होता. मावशी गंगेकडच्या दिशेने हात जोडून म्हणाली, "उगीच तुझं नाव घेतलं ग."

राहिला तंबू. ओलीने फळ्या फुगल्या हे खरं, पण फुगलेल्या फळ्यांना चारही बाजूंनी जागा असती तर त्या आडव्याच सरकल्या असत्या. ही जमीन खाली चिकटवलेली किंवा ठोकलेली नसते. दोन-तीन मिलिमीटरांच्या फोमवर ती तरंगती असते. फळी फळीत अडकते आणि अख्खी जमीन एका चादरीसारखी सरकते. म्हणून भिंतीपासून दहा-बारा मिलिमीटरांची, करंगळीएवढी जागा सर्व बाजूंनी सोडतात आणि वर स्कर्टिंगची पट्टी लावून ती झाकतात. बसवणाऱ्याने इथे भिंतीकडे जागा सोडली होती, पण दगडी उंबरठा आणि त्याच्या समोरच्या भिंतीतला दगडी खांब यांच्याशी फळ्या घट्ट भिडवल्या होत्या. तिथे स्कर्टिंग येत नाही, फट उघडी दिसेल, म्हणून. त्या एका रेषेत फळ्यांना जायला जागाच उरली नाही.

किती जागा कमी पडली असेल? शाळेतला पायथागोरस पुरतो. तीन मीटर रुंदीची जमीन अवघे सहा मिलिमीटर वाढली आणि दोन्ही टोकं अडली, तर मधे ती जवळपास 95 मिलिमीटर वर उचलली जाते, म्हणजे पावणेचार इंच. नातवाच्या मोटारीचा बोगदा सहा मिलिमीटरांच्या हट्टातून झाला होता.

वरची खोली: आवाज

वरच्या खोलीत ओल नव्हती. तिथे आवाज होता. दारातून सज्ज्याकडे जाताना चौथ्या पावलाला कुर्र, सहाव्याला पुन्हा, आणि मधे कुठे टकटक पोकळ.

लाकडी जमिनीच्या आवाजाला काही ठिकाणी मान आहे. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या निनोमारू राजवाड्याचे सोपे पायाखाली पक्ष्यासारखे किलबिलतात. शत्रूची चाहूल लागावी म्हणून मुद्दाम तशी रचना केली, ही कहाणी गाजलेली. प्रत्यक्षात फळ्यांखालच्या लोखंडी पकडी आणि खिळे झिजून एकमेकांवर घासतात, त्यातून तो आवाज येतो. काशी आणि क्योतो यांच्यात 30 ऑगस्ट 2014 रोजी भगिनी-शहरांसारखा करार झाला आहे. मावसभाऊ म्हणाला, "पाहुण्यांना सांगू का, करारात हे पण आलं म्हणून?"

आवाजाचं कारण शोधायला दोन मीटरची सरळ अल्युमिनियमची पट्टी पुरते. ती जमिनीवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवायची आणि खाली कुठे उजेड दिसतो ते पाहायचं. दोन मीटरांत तीन मिलिमीटरांपर्यंतचा खळगा चालतो. इथे कोब्यात खोलीच्या मध्याजवळ अकरा मिलिमीटरांचा खळगा होता. शेदीडशे वर्षांच्या कड्या भाराने थोड्या लवतातच. बसवणाऱ्याने खळगा पाहिला होता, आणि तो बुजवण्याऐवजी तिथे फोमचे दोन थर टाकले होते. वरून फळ्या सपाट दिसल्या. पण मऊ गादीवर तरंगती फळी पाय पडला की खाली जाते, उचलला की वर येते, आणि दर वेळी तिची जीभ शेजारणीच्या खाचेत घासते. आज तो कुरकुराट असतो. दोन वर्षांनी जीभ तुटते आणि सांधा उघडतो. हा फोम, म्हणजे अंडरले, दुप्पट केला की जमीन जास्त आरामशीर होते, असं खुद्द घरमालकांनाच वाटतं, आणि त्यांच्या आग्रहाने ही चूक पुन:पुन्हा होते.

सपाट करायला हल्ली पातळ सिमेंटचा आपोआप पसरणारा घोळ मिळतो. फ्लॅटमध्ये तो उत्तम. पण कडीपाटाच्या घरात आधी वजन मोजावं. दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण पावणेदोन किलो. चौदा बाय बाराच्या खोलीत सरसकट दहा मिलिमीटर ओतलं तर अडीचशे किलोंच्या वर भार, आणि शिवाय ओल्या घोळाचं पाणी पाटांतून खालच्या तक्तपोशीवर. मिस्त्रींनी नुसता हात हलवून नकार दिला. त्यांनी खळग्याची हद्द खडूने आखली, उंचवटे दगडाने घासले आणि फक्त खळग्यात कोरडसर मसाला भरून कडेला शून्यावर आणला. चार दिवस सुकू दिला. मग एकच थर फोम.

पोकळ टकटक हा दरवेळी दोष नसतो, हेही सांगायला हवं. तरंगती जमीन थोडी पोकळ वाजणारच. फळी डिंकाने खाली चिकटवलेली असताना एकाच ठिकाणी पोकळ वाजली, तर तिथे डिंक धरलेला नाही. बारीक भोकातून डिंक सोडून, वर वजन ठेवून ती दुरुस्त होते. हा उपाय तरंगत्या जमिनीवर करू नये. एक फळी खाली चिकटली की अख्ख्या चादरीला खिळा बसला.

वरची खोली: फट

हा खिळ्याचा मुद्दा त्या फटीपर्यंत घेऊन गेला. फट पाहिली की आधी विचारावं: सगळ्या सांध्यांत थोडी थोडी आहे, की एकाच रेषेत मोठी? सगळीकडे केसभर फटी म्हणजे घरातली हवा कोरडी झाली, किंवा फळ्या बसवताना जास्त ओल्या होत्या. पाऊस आला की अशा फटी बऱ्याच मिटतात. एकाच रेषेत मोठी फट म्हणजे जमीन कुठेतरी जखडलेली आहे.

आमच्याकडे दोन्ही होतं. फळ्यांची खोकी आणल्यावर ती बहात्तर तास घरात ठेवा, म्हणजे फळ्या हवेशी जुळवून घेतील, हा नियम मावसभावाने वाचला होता. त्याने चांगली आठवडाभर ठेवली. पण ठेवली खालच्या खोलीत, मोरीच्या भिंतीला लावून, कारण एवढी खोकी जिन्याने वर कोण चढवणार? तिथे ओल धरलेल्या फळ्या लूच्या दिवसांत वरच्या तापलेल्या खोलीत बसल्या आणि आक्रसू लागल्या. नियम पाळला गेला, फक्त खोली चुकली. फळ्या जिथे घालायच्या त्याच खोलीत, खोकी भिंतीपासून दूर, आडवी, जमिनीपासून थोडी उचलून ठेवायची असतात, आणि ती खोली रोजच्या वापरात जशी असेल तशी असावी. पंखा लागणार असेल तर पंखा चालू, एसी लागणार असेल तर एसी.

मोठ्या फटीला सुतार कारण झाला होता. जमीन झाल्यावर त्याने भिंतीतलं कपाट बसवलं, आणि ते डगमगू नये म्हणून चार लांब स्क्रू फळ्यांतून थेट कोब्यात सोडले. त्या बाजूला जमीन खिळली. उरलेली चादर आक्रसून सज्ज्याकडे सरकली आणि खिळलेल्या भागाच्या कडेला फाटली. सज्ज्याच्या दाराजवळ स्कर्टिंगचे खिळेही भिंतीऐवजी फळीत मारलेले निघाले. माणसाला फळी घट्ट बसलेली आवडते. हलणारं काही दिसलं की हात आपोआप हातोडीकडे जातो.

फळी जशी खोलीशी जुळवावी लागते, तशी गावाच्या हवेशीही. भारतीय मानक 287 हे लाकडाच्या ओलाव्याबद्दल आहे आणि त्यात देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केलेले आहेत. लाकूड कुठे वापरायचं त्यावर ते किती वाळवायचं हे ठरतं. रत्नागिरीला जो ओलावा योग्य, तो राजस्थानात नाही. काशीची अडचण अशी की ती वर्षभरात एकाच पत्त्यावर राहून दोन-तीन विभागांची हवा खाते.

म्हणून इथे मुहूर्त महत्त्वाचा. ज्येष्ठात घातलेली फळी सर्वांत आक्रसलेली असते, तिला पुढे फुगायला भरपूर जागा सोडावी लागते. श्रावणात घातलेली फुगलेली असते, तिच्या फटी उन्हाळ्यात उघडतात. पाऊस ओसरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात, हवा दोन्ही टोकांच्या मधे असते. जुने लोक घराचं लाकूडकाम दिवाळीनंतर काढत, त्यामागे सुतारांची सवड असेलच, पण हवेचीही साथ असणार.

परत मांडामांड

खालच्या खोलीत फळ्या पुन्हा घालायच्या नाहीत, हे मावसभावाला पटायला दोन दिवस लागले. नळाचा सांधा बदलला तरी दीड हाताच्या जाड भिंतीतलं पाणी निघायला एक-दोन वर्षं जातील. त्यात लोण्यातले क्षार पाणी धरून ठेवतात. वरून प्लास्टिकचा कागद टाकून ओल झाकली, तर ती नाहीशी होत नाही, भिंतीतून आणखी वर चढते. दुरुस्तीची यादी करताना "इथे हे घालू नका" हा उपायही यादीत असावा. त्याला पैसे मिळत नसल्याने तो सहसा कुणी सुचवत नाही. मिस्त्रींनी भिंतीचा सिमेंटचा गिलावा पाऊणेक मीटर उंचीपर्यंत खरवडून चुन्याचा केला आणि चुनारच्या फरश्या घासून मोकळ्या ठेवल्या. मावशीला तेच हवं होतं. "दगड पुसता येतो. ह्या फळ्यांना पोछा मारताना माझा जीव वर-खाली व्हायचा." तिचा जीव योग्य कारणानेच वर-खाली व्हायचा. बादलीभर पाण्याने पुसणं हे या जमिनीचं रोजचं विषप्राशन आहे. पिळून काढलेलं फडकं, तेही सांध्यांच्या दिशेने.

खालच्या चांगल्या फळ्यांतून वरच्या खोलीतल्या तुटक्या जिभांच्या फळ्या बदलल्या. हे काम दिवाळीनंतर झालं. मी तेव्हा नव्हतो, मावसभाऊ फोनवर सांगत होता. या वेळी खोकी वरच्या खोलीतच ठेवली. कपाटाभोवती फळ्या कापून ते थेट कोब्यावर उभं केलं. उंबरठ्याशी करंगळीएवढी जागा सोडून वर पितळी पट्टी लावली, एकाच बाजूला धरलेली. स्कर्टिंग फक्त भिंतीला. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून फूटभर मागे-पुढे. सज्ज्याच्या दाराला जाड पडदा, कारण तिथे सकाळचं ऊन थेट गंगेवरून आत येतं. भदोहीचा गालिचा होता, त्याच्या खालचं रबर काढून टाकलं. रबराखाली ओल कोंडते आणि उन्हात रंगाचा चौकोन उमटतो.

मधल्या काळात दिल्लीच्या नव्या संसद भवनाची हकिगत त्याने कुठेतरी वाचली होती. 28 मे 2023 ला उद्घाटन झालेल्या त्या इमारतीत सागवान नागपूरचं, गालिचे भदोही-मिर्झापूरकडचे आणि जमिनीला त्रिपुराचा बांबू. त्याला त्यात आपली बाजू सापडली. "आपलं लाकूड आणि आपल्या शेजारचा गालिचा थेट संसदेत गेला. मी काय वेगळं केलं?" मी म्हटलं, संसदेच्या भिंतीमागे कुणाची मोरी फुटकी नसेल.

गेल्या श्रावणात त्याने एक फोटो पाठवला. वरच्या खोलीत कपाटामागच्या कोपऱ्यात स्कर्टिंगचा वीतभर तुकडा त्याने सुटा ठेवला आहे, काढता-घालता येणारा. तो काढला की भिंतीला लागून कोब्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतात, फळीची कड त्या त्या वेळी कुठे होती त्या. मार्गशीर्षाची रेघ, तिच्या मागे ज्येष्ठाची, सर्वांत पुढे भिंतीकडे श्रावणाची. ज्येष्ठ आणि श्रावण यांच्यात पाच मिलिमीटर. बारा मिलिमीटरांच्या जागेत ती फळी वर्षभर येऊन-जाऊन होती आणि वर कुणाला काही कळलं नव्हतं.

फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "राजघाट 69.4, घर 5 मिमी. दोन्ही धोक्याच्या खाली."